टिफनी दिव्याची शेड: सगळी करामत काचेत

ऑनलाइन दुकानात ‘टिफनी स्टाईल लॅम्प’ असं शोधलं की काही हजार रुपयांपासून दिवे दिसायला लागतात. पितळी रंगाचा बुंधा, वर रंगीत काचांची घुमटी, घुमटीवर फुलं नाहीतर चतुर (ड्रॅगनफ्लाय). हे नाव ज्याच्यावरून आलं त्या लुई कम्फर्ट टिफनी या अमेरिकी कलावंताच्या कारखान्यातला एक दिवा डिसेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात ३३ लाख डॉलरच्या वर गेला. कमळांची नक्षी असलेला ‘पाँड लिली’ दिवा होता तो. दोघांचे फोटो मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवले तर फारसा फरक जाणवत नाही. जुनेपणा आणि नाव यांची किंमत मोठी असते हे खरंच, पण तेवढ्यानं प्रश्न सुटत नाही. टिफनीच्या काळी, म्हणजे १९०० च्या आसपास, अशा शेडा दुसऱ्या कारखान्यांतही बनत होत्या आणि आज त्या बऱ्याच स्वस्तात मिळतात.

फरक काचेत आहे. नक्षी कुणीही उतरवून घेईल, काच उतरवून घेता येत नाही. ती कशी बनते आणि तिचा तुकडा कसा निवडतात हे कळलं की अशा दिव्याकडे बघायची नजरच बदलते.

दिव्याला शेड लागते तरी कशाला, हे आधी पाहू. तेलाच्या दिव्यात काचेचं काम वेगळं होतं: ज्योतीला वाऱ्यापासून जपायचं आणि हवेचा झोत नीट वर ओढायचा. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी वापरलाय, निदान आजोळच्या माळ्यावर पाहिलाय, त्यांना त्याची काच आठवेल. स्वच्छ, बिनरंगी आणि ज्योतीची धग सोसणारी. तिथं रंगाला जागाच नव्हती. मुळात उजेड तोकडा, त्यात रंग घातला तर वाचायचं कसं? वाड्यांतल्या आणि देवळांतल्या रंगीत हंड्या होत्या, पण त्या शोभेसाठी. त्यांच्या उजेडात कुणी चोपड्या लिहीत नसे.

विजेचा दिवा आला आणि अडचण उलटी झाली. एडिसननं १८७९ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला आपला बल्ब पेटवून दाखवला. (तो भाग आज एडिसन याच नावाच्या गावात येतो. मराठी माणसं तिथं पटेल ब्रदर्समध्ये भाजी घ्यायला जातात, ते एडिसन.) बल्बला ना हवा लागते ना तेल. त्यामुळे तो उलटा टांगता येतो, आडवा करता येतो, चहूबाजूंनी झाकता येतो. पण आतली तार उघडी बघितली तर डोळ्याला टोचते. आता काचेकडून अपेक्षा एकच होती: तार दिसू नये आणि उजेड मात्र मऊ होऊन बाहेर यावा.

रंगीत काचेच्या खिडक्या युरोपात शेकडो वर्षांपासून होत्या, मग तीच काच दिव्याला का लावली नाही? आपल्याकडचीच उदाहरणं घेऊ. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये विल्यम वेल्स या इंग्रज कारागिराच्या खिडक्या आहेत. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयातल्या खिडक्या अनेकांनी पाहिल्या असतील. या पद्धतीत काच बहुधा पारदर्शक असते. निळा, लाल, पिवळा रंग आरपार असतो. चेहरे, हात, कपड्यांच्या चुण्या हे सगळं काचेवर गडद रंगानं रंगवून भट्टीत पक्कं करतात. त्यामागे अख्खं आकाश असतं, म्हणजे उजेड सगळीकडून सारखा येतो, म्हणून खिडकी एकसंध उजळते. त्याच काचेमागे एक बल्ब ठेवा. बल्बसमोरच्या तुकड्यात झगझगीत ठिपका दिसेल आणि बाकीची खिडकी काळवंडून बसेल.

यावरचा तोडगा म्हणजे दुधी काच. नुसती पांढरी ट्यूबलाइटसारखी नाही, तर दुधी आणि रंगीत एकाच पत्र्यात मिसळलेली. काच वितळलेली असताना तिच्यात फ्लोराइडचे क्षार घालतात, पूर्वी हाडांची राखही घालत. काच गार होताना तिच्या पोटात अतिसूक्ष्म कण तयार होतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून चारी दिशांना विखुरतो. त्यामुळे मागे बल्ब नेमका कुठं आहे ते कळत नाही आणि काचेचा तुकडाच उजळल्यासारखा दिसतो.

घरच्या घरी करून बघायचं असेल तर पेलाभर पाण्यात दुधाचे चार थेंब टाका आणि अंधारात एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च लावा. पेल्याकडे बाजूनं बघितलं तर पाणी किंचित निळसर दिसतं. टॉर्चच्या समोरून, पाण्याच्या आरपार बघितलं तर उजेड पिवळट-केशरी दिसतो. बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, लाल-पिवळा सरळ पुढे जातो. दुधी काचेतही हेच होतं. म्हणून दिवा बंद असताना जी काच थंड, निळसर, साबणाच्या वडीसारखी वाटते तीच दिवा लागल्यावर आतून तापल्यासारखी दिसते. चांगल्या शेडला दिवसा एक आणि रात्री एक असे दोन चेहरे असतात ते याच कारणानं.

या काचेचा शोध लावला कुणी, यावर अमेरिकेत बरीच रस्सीखेच झाली. चित्रकार जॉन ला फार्ज यानं १८८० मध्ये दुधी काचेच्या खिडक्यांचं पेटंट मिळवलं. लगेच १८८१ मध्ये लुई कम्फर्ट टिफनी यानंही आपली पेटंटं नोंदवली. दोघांची आधी ओळख होती, पुढे वैर झालं. ला फार्जचं पेटंट आधीचं, पण टिफनीकडे पैसा होता, कारखाना काढायची हिंमत होती आणि घराण्याचं नावही होतं. हिऱ्यांच्या दागिन्यांची जी टिफनी कंपनी प्रसिद्ध आहे ती त्याच्या वडिलांची, चार्ल्स टिफनींची. मुलगा दुकानात बसला नाही. आधी चित्रकार झाला, मग घरांची अंतर्गत सजावट करायला लागला आणि त्यातून काचेकडे वळला. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या लायसियम थिएटरची सजावट त्यानं केली, तिथं विजेचे दिवे एडिसनचे होते. विजेचा उजेड आणि रंगीत काच एकत्र आणायची सवय त्याच्या हाताला दिव्यांच्या बरीच आधी लागली होती.

१८९३ मध्ये टिफनीनं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, कोरोना नावाच्या वस्तीत स्वतःची भट्टी उभारली. (कोरोना म्हटल्यावर आता आपल्याला काहीतरी भलतंच आठवतं, त्याला इलाज नाही.) भट्टीची जबाबदारी आर्थर नॅश या इंग्रज माणसाकडे होती. तो स्टोअरब्रिज या काचेसाठी नावाजलेल्या गावातून आलेला.

काचेला रंग येतो तो धातूंमुळे. कोबाल्टनं निळी होते. तांब्यानं हिरवी-फिरोजी होते आणि भट्टीतली हवा बदलली तर त्याच तांब्यानं लालही होते. मँगनीजनं जांभळी, लोखंडानं बाटलीसारखी हिरवट. सोन्याचे अतिसूक्ष्म कण मिसळले तर गुलाबी ते माणकासारखी लाल. चांगली गुलाबी काच आजही इतर रंगांपेक्षा महाग मिळते, त्याचं कारण तिच्यातलं सोनं. आता दोन-तीन रंगांचा रस एकाच पत्र्यात ओतायचा म्हटलं तर नवी पंचाईत उभी राहते. प्रत्येक रंगाची काच गार होताना वेगवेगळी आकसते. मेळ जमला नाही तर पत्रा आतल्या ताणानंच तडकतो. म्हणून कुठला रस कुठल्या रसाबरोबर नांदेल हे ठरवणं आणि पत्रा हळूहळू गार करणं, यातच निम्मं कसब असतं.

टिफनीच्या भट्टीतून तऱ्हेतऱ्हेचे पत्रे निघत. काहींत रंगाचे ढग, काहींत गोल गोल डाग. पानांमधून ऊन झिरपतं तसा भास त्यानं होई. एका प्रकारात आधी फुग्यासारखी पातळ रंगीत काच फुंकायची, फोडून तिच्या कपच्या करायच्या, त्या टेबलावर पसरायच्या आणि त्यावर गरम रस ओतायचा. पत्र्यात विखुरलेली रंगीत चकंदळं दिसतात. शेडमध्ये दूरच्या पानांच्या पार्श्वभूमीला ही काच लावली की प्रत्येक पान वेगळं कापायची गरज राहत नाही. आणखी एका प्रकारात ओतलेला पत्रा मऊ असतानाच चिमट्यांनी ढकलून त्याच्या चुण्या पाडत. देवदूतांच्या झग्यांसाठी ती काच खिडक्यांत वापरली जाई. म्हणजे जे काम युरोपातला कारागीर कुंचल्यानं करायचा ते इथं काचच करत होती. टिफनीचा सगळा आग्रहच तो होता: काचेवर शक्यतो रंगवायचं नाही, छटा काचेतच शोधायची.

आता जोडकाम. याचं श्रेय फार कमी वेळा दिलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खिडकीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्टीनं जोडतात. पट्टीचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. दोन बाजूंच्या खाचांत दोन तुकडे बसवायचे, पट्ट्या जिथं मिळतात तिथं डाख द्यायचा, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडायचा. मोठ्या खिडकीला हे ठीक आहे. पण शिशाच्या पट्टीला रुंदी असते आणि जाडीही. नखाएवढ्या पाकळीला चारी बाजूंनी शिसं लावलं तर काच उरणारच किती? शिवाय घुमटी वळणदार, शिसं मऊ. सगळा भार सोसणार कोण?

टिफनीच्या शेडांमध्ये शिशाऐवजी तांब्याची पातळ पट्टी वापरली आहे. आज छंद म्हणून शेड बनवणारेही हीच पद्धत वापरतात, त्यामुळे ती जवळून बघता येते. समजा काच तीन मिलिमीटर जाडीची आहे. तांब्याची चिकट पट्टी साधारण साडेपाच मिलिमीटर रुंदीची घेतात. तुकड्याची कड पट्टीच्या बरोबर मध्ये ठेवून सगळीकडून गुंडाळत न्यायची. दोन्ही बाजूंना एक-सव्वा मिलिमीटर पट्टी बाहेर उरते, ती काचेच्या दोन्ही अंगांवर दुमडायची आणि प्लॅस्टिकच्या दांडीनं घासून सपाट बसवायची. दुमड एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी झाली तर डाख दिल्यावर रेघ जाड-बारीक दिसते आणि मग कितीही पुसलं तरी ती लपत नाही. टिफनीच्या काळी तयार चिकट पट्टी नव्हती, मेणाचा हात फिरवून तांबं काचेला चिकटवत.

असे गुंडाळलेले तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे आणि फटीवरून कथील-शिशाचा डाख फिरवायचा. कथील-शिशाला काचेचं वावडं असतं, पण तांब्यावर ते आपोआप पसरतं. म्हणजे डाख फक्त तांब्यावर बसतो आणि काच कोरडी राहते. नीट जमलं तर दोन तुकड्यांमध्ये भाताच्या काडीच्या जाडीची, वरून गोलसर, सलग रेघ तयार होते. हात थांबला की गाठ पडते. डाख द्यायची तापलेली इस्त्री एकाच जागी दाबून धरली तर काच ‘टिक्’ करून जाते आणि मग तो तुकडा काढून पुन्हा कापायला लागतो. शेडच्या आतूनही असाच डाख द्यावा लागतो. शेवटी सगळ्या रेघा मिळून धातूची एक जाळी होते आणि काच त्या जाळीत अडकलेली राहते. घुमटीला बळकटी येते ती या जाळीमुळे.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. घुमटी गोल असली तरी तिच्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा सपाट असतो. वळण येतं ते सांध्यांमधून. तुकडे जितके लहान, तितकं वळण गुळगुळीत. ‘विस्टेरिया’ या टिफनीच्या प्रसिद्ध दिव्याच्या शेडमध्ये जवळपास दोन हजार तुकडे आहेत. जांभळ्या-निळ्या फुलांचे घोस वेलीवरून लोंबतात आणि शेडची खालची कड सरळ नसून घोसांच्या टोकांनीच संपते. बुंधा ब्राँझचा, झाडाच्या खोडासारखा, मुळांसकट. १९०६ च्या किंमतपत्रकात या दिव्याची किंमत ४०० डॉलर होती.

तो दिवा टिफनीनं घडवला असंच शंभर वर्षं लोक समजत होते. त्याचा आराखडा होता क्लारा ड्रिस्कॉलचा.

क्लारा १८६१ मध्ये ओहायो राज्यात जन्मली. १८८८ च्या सुमारास टिफनीकडे लागली आणि लग्न झाल्यावर नियमाप्रमाणे नोकरी सोडली. तिथं विवाहित बाईला कामावर ठेवत नसत. १८९२ मध्ये नवरा वारला आणि ती परत आली. त्याच वर्षी काच बसवणाऱ्या पुरुष कामगारांनी संप केला होता आणि शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी खिडक्या वेळेत हव्या होत्या. टिफनीनं बायकांचा वेगळा काच-विभाग उघडला आणि क्लारा त्याची प्रमुख झाली. पुढे फुलं-पानं-किड्यांच्या बहुतेक शेडा या विभागातून निघाल्या. भौमितिक नक्षीच्या शेडा साधारणपणे पुरुषांकडे असत.

काम कसं चालायचं? आधी जलरंगात चित्र. मग शेडच्या आकाराचा लाकडी साचा आणि त्यावर सगळ्या तुकड्यांच्या रेघा. प्रत्येक तुकड्याचा पितळी नमुना कापायचा, त्याला नंबर द्यायचा. नमुने कायमचे, म्हणजे तोच दिवा पुन्हा बनवता येतो. इथपर्यंतचं सगळं मोजमापाचं काम झालं. खरी कसोटी यापुढे. निवड करणारी मुलगी काचेचा मोठा पत्रा खिडकीच्या उजेडासमोर धरते आणि हातातला पितळी नमुना त्यावर फिरवते. पाकळीच्या देठाकडे गडद हवं, टोकाकडे फिकं. पत्र्यात तशी छटा नेमकी कुठं आहे? शिंपी ब्लाउजपीसवरचा काठ बाहीवर बरोबर बसावा म्हणून कापड चार वेळा फिरवून बघतो, तसाच हा प्रकार. फक्त इथं काठ आखलेला नसतो, तो शोधायचा असतो. जागा सापडली की खूण करायची आणि कापायला द्यायचं. मोठ्या पत्र्यातून कधी एकच तुकडा घेतला जाई, बाकीचा परत कप्प्यात. मग कड तांब्यानं मढवायची आणि साचा डाखकामासाठी पुरुषांकडे पाठवायचा.

म्हणून एकाच नमुन्याचे दोन टिफनी दिवे कधीच सारखे नसतात. एकातली पिवळी फुलं सकाळच्या आकाशावर असतात तर दुसऱ्यातली संध्याकाळच्या. नमुना तोच आणि नंबरही तेच, पण निवडणारी नजर त्या दिवशी दुसऱ्या पत्र्यावर थांबलेली. माझ्या मते कलेचा भाग हाच. पितळी नमुने आज कुणीही करून घेईल, लेझरनं तर अधिक बिनचूक. पण कप्प्यात पाच हजार छटांचे पत्रे नसतील आणि त्यातून निवडायला पगारी माणूस बसवलेला नसेल तर नमुन्याचा उपयोग काय?

क्लाराच्या ‘ड्रॅगनफ्लाय’ म्हणजे चतुराच्या दिव्याला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पदक मिळालं. चतुरांची डोकी खाली, पंख पसरलेले आणि पंखांवर धातूची बारीक जाळी, खऱ्या पंखांवरच्या शिरांसारखी. तिचा पगार आठवड्याला ३५ डॉलर होता. त्या काळच्या बाईसाठी तो उत्तमच म्हणायचा, पण तिनंच आखलेला विस्टेरिया विकत घ्यायचा तर अकरा आठवड्यांहून जास्त पगार लागला असता. १९०३ मध्ये पुरुषांच्या संघटनेनं बायकांच्या विभागाविरुद्ध मोहीम उघडली. विभाग वाचला, पण बायकांची संख्या २७ च्या वर न्यायची नाही या अटीवर. १९०९ मध्ये क्लारानं पुन्हा लग्न केलं आणि नियमानं पुन्हा नोकरी सुटली, ती कायमची. आई आणि बहिणींना तिनं लिहिलेली लांबलचक पत्रं घरच्यांनी जपून ठेवली होती म्हणून हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. ती पत्रं अभ्यासकांच्या हाती लागली आणि २००७ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीनं क्लारा आणि तिच्या सहकारी मुलींवर प्रदर्शन भरवलं. तोवर सगळे दिवे एकट्या टिफनीच्या नावावर होते.

पुढची कथा थोडक्यात. पहिल्या महायुद्धानंतर आवड बदलली, सरळ रेषा आणि चकचकीत धातूचे दिवस आले. टिफनी स्टुडिओज १९३२ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढच्याच वर्षी टिफनी वारला. दिवे अडगळीत गेले. कित्येक तर धातूसाठी फोडून भंगारात घातले. १९३५ मध्ये एगॉन नॉयस्टाट नावाच्या ऑस्ट्रियातून आलेल्या दंतवैद्यानं बायकोबरोबर न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून टिफनीचा एक दिवा साडेबारा डॉलरला घेतला. मग त्यांना नादच लागला आणि ते घेतच गेले. बंद पडलेल्या कारखान्यातला उरलेला काचेचा साठाही त्यांनी मिळवला, तुकडे आणि पत्रे मिळून सुमारे अडीच लाख. मूळ दिवा दुरुस्त करताना किंवा त्याचा खरेपणा तपासताना ताडून बघायला आज तोच साठा उपयोगी पडतो. १९५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टिफनीवर मोठं प्रदर्शन झालं आणि भाव पुन्हा चढायला लागले.

आपल्या घरात कुणी ‘टिफनी’ म्हणून काही आणलं तर काय बघायचं?

आधी दिवा बंद करा. मग दिवसाच्या उजेडात शेडकडे बघा. चांगली दुधी काच बंद असतानाही रंग दाखवते, तिच्यात ढग, रेघा, खोली दिसते. रंग सपाट, प्रत्येक हिरव्या तुकड्यात एकच हिरवा असेल तर काच साधी आहे. दुसरं, नखानं हलकेच टिचकी मारा. काचेचा आवाज काचेसारखाच येतो; रेझिन म्हणजे प्लॅस्टिकच्या शेडचा बद्द येतो आणि हाताला गारवाही लागत नाही. तिसरं, शेडच्या आतून बघा. आतल्या डाखाच्या रेघा नीट असतील तर कारागिरानं अंग चोरलेलं नाही. काही स्वस्त शेडांत रेघा वरून रंगवलेल्या असतात आणि आत धातूचा पत्ताच नसतो.

मोठे, वळवलेले सहा-आठ तुकडे धातूच्या चौकटीत बसवलेली शेड दिसली तर ती वेगळी पद्धत आहे. काच भट्टीत साच्यावर वाकवून ती करतात. आणि एकसंध काचेच्या घुमटीवर आतून निसर्गदृश्य रंगवलेलं असेल तर तो हँडल किंवा पेअरपॉइंट या जुन्या अमेरिकी कारखान्यांचा प्रकार. त्यांनाही मान आहे, फक्त ते टिफनी नव्हेत. ‘टिफनी स्टुडिओज, न्यूयॉर्क’ असा ठसा दिसला म्हणून मात्र हुरळून जाऊ नका. ठसा मारायला शंभर वर्षं लागत नाहीत. जाणकार ठशाच्या आधी काच बघतात, बुंध्याची घडण बघतात आणि शेड न् बुंधा एकमेकांचेच आहेत का ते बघतात.

बल्बाविषयी एक सांगायला हवं. या शेडा पिवळट उजेडासाठी आखलेल्या आहेत. पांढराशुभ्र एलईडी लावला की सोन्यानं रंगवलेली गुलाबी काच मेल्यासारखी दिसते. २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळट उजेडाचा, दुधी गोळ्याचा एलईडी घ्या आणि खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त लिहिलंय का बघा. रंग किती खरे दिसतील याचा तो आकडा. जुना तारेचा बल्ब सुंदर दिसतो, पण खातो ती वीज बहुतेक उष्णतेत घालवतो आणि लहान बंद शेडमध्ये ती धग काचेला आणि वायरला बरी नव्हे.

पुसताना मऊ कोरडं फडकं पुरतं. व्हिनेगर, लिंबू, पितळ घासायची पावडर अजिबात नको. रेघांवर मुद्दाम आणलेली काळपट-तांबूस झाक एका हातात निघून जाते. मुंबई-कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत रेघांवर पांढरी पूड धरते. ती शिशाची असते, तेव्हा फुंकर मारून उडवू नका. ओलसर फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या, हात साबणानं धुवा आणि पुसायच्या कामाला मुलांना लावू नका. दिवा उचलायचा तो बुंध्याला धरून. टांगती शेड असेल तर भार वायरीवर नको, साखळीवर आणि वरच्या धातूच्या टोपीवर घ्या. दोन फुटी शेडचं वजन सहज काही किलो भरतं.

प्रत्यक्ष बघायचे असतील तर न्यूयॉर्क हिस्टॉरिकलच्या (हिस्टॉरिकल सोसायटीचं आताचं नाव) चौथ्या मजल्यावर नॉयस्टाट यांनी दिलेल्या दिव्यांपैकी शंभर एक दिवे अंधाऱ्या दालनात लावलेले आहेत. फ्लोरिडातल्या विंटर पार्कचं मोर्स म्युझियम टिफनीच्या खिडक्यांसाठीही बघावं. आणि फ्लशिंगच्या गणपती मंदिराला जाणाऱ्यांसाठी तर क्वीन्स म्युझियम गाडीनं काही मिनिटांवर, फ्लशिंग मेडोज पार्कातच आहे. टिफनीची भट्टी होती ती कोरोना वस्ती पार्काला लागूनच. नॉयस्टाट संग्रहातले दिवे तिथंही मांडलेले असतात. निघण्याआधी वेबसाइटवर वेळा तेवढ्या बघून घ्या.